आबांनी भाकरी सोडली

सणसरच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझा दंड धरून मला अंगणातल्या शेवग्याखाली नेलं. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली आणि माझ्या कानाला तोंड लावून म्हणाले, "नळाला पानी सकाळी येतं."

मी पुढचं वाक्य ऐकायला थांबलो. पुढचं वाक्य नव्हतंच. नळाला पाणी सकाळी येतं, एवढंच ते गुपित होतं.

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. आबा बोलायचे ते कानात. ऊन वाढलं, एसटी चुकली, गवार महागली, अमक्याची म्हैस व्यायली, काहीही असो. पारावर पाच जण बसलेले असले तर आबा पाचही जणांच्या कानाशी जाऊन तीच बातमी पाच वेळा सांगायचे आणि शेवटचा माणूस ती पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचा, कारण आबांचं मन कोणी मोडत नसे. मी मोरगावकडचा. आमच्या जिराईत रानात माणसं या बांधावरून त्या बांधावर हाका मारून सुखदुःख बोलतात. त्यामुळे सुरुवातीला मला आबांच्या बोलण्याने नुसत्या गुदगुल्या व्हायच्या आणि बोलणं राहूनच जायचं.

या सवयीचा जन्म कारखान्यातला. आबांची सगळी नोकरी उसाच्या चरकाजवळ गेली. तिथे ऊस चिरडताना असा काही आवाज होतो, की शेजारच्या माणसाने बोंब मारली तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं. कानाला तोंड लावलं तरच माणूस कळतो. आबा निवृत्त झाले, चरक कारखान्यात राहिला आणि सवय मात्र घरी आली. पण आबा तिला सवय म्हणत नसत, त्यांनी तिचं शास्त्र करून टाकलं होतं. "सर, मोठ्यानं सांगितल्यालं मानूस ऐकतो. कानात सांगितल्यालं मानतो."

यात अपवाद फक्त विहारातला. पौर्णिमेला त्रिसरण-पंचशील म्हणायचा मान आबांचा, आणि तेव्हा त्यांच्या गळ्यातून असा खणखणीत आवाज निघायचा की विहाराच्या लाऊडस्पीकरची वायर कोणी जोडायच्या भानगडीत पडत नसे. वंदना संपली की तो आवाज कुठे जायचा कोण जाणे. बाहेर पडताना आबा पुन्हा माझ्या कानाशी यायचे, "चप्पल बगा, बदली झाली आसंल."

लग्नं जुळवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. बारामतीपासून इंदापूरपर्यंत आमच्या समाजातल्या कितीतरी सोयरिकी त्यांनी जमवल्या. त्याचीही पद्धत त्यांची स्वतःची. बघण्याचा कार्यक्रम चालू असताना ते गप्प बसायचे. पोहे झाले, प्रश्न-उत्तरं झाली, की मुलीकडच्या कर्त्या माणसाला गोठ्यामागे न्यायचे आणि त्याच्या कानात मुलाचे दोष सांगायचे. मग मुलाकडच्याला न्यायचे आणि मुलीचे दोष सांगायचे. "आपल्यात पत्रिका न्हाय, गुन जुळवायची भानगड न्हाय. गुन तर पोहं खातानाच समदी सांगत्यात. मी दोष जुळवतो." भिगवणच्या एका जोडप्याबद्दल त्यांनी दोन्हीकडे एकच दोष सांगितला होता, लई तापट हाय म्हणून. दोन्हीकडचे म्हणाले, मग हरकत नाही. ती दोघं आता वडापावची गाडी चालवतात, दिवसभर एकमेकांवर खेकसतात आणि सुखात आहेत.

आबांचं कोणी ऐकत नसेल तर ते एकच माणूस, त्यांच्या घरातलं. आक्का, म्हणजे आबांची बायको. आक्का चुलीपाशी भाकरी थापत बसायच्या, आबा भिंतीकडच्या बाजूने येऊन त्यांच्या कानात "च्या ठिव" म्हणायचे, आणि आक्का मान हलवून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायच्या. "सुनेला फोन लाव" म्हटलं की आक्का उठून कोंबड्या झाकायच्या. आम्हा भाडेकरूंना या बाईचं फार कौतुक होतं. नवऱ्याला जुमानायचं नाही ते कसं, हे शिकावं तर आक्कांकडून, असं आम्ही म्हणायचो.

मग आबांना साखर निघाली. साखर कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला साखर निघावी याचं गावाला हसू आलं आणि आबांनाही आलं. "कारखान्यानं समद्यांना पोत्यात दिली, मला रक्तात दिली," असं ते कानोकानी सांगत फिरले. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळी दिली, गोड बंद केलं आणि भाकरी-भात कमी करायला सांगितलं. पण कमी हा शब्द आबांच्या स्वभावातच नव्हता. त्यांनी मोबाइलवर कोणातरी टाय लावलेल्या माणसाचे व्हिडिओ बघितले आणि मला शेवग्याखाली नेऊन जाहीर केलं, "सर, भाकरी म्हंजी साखरच. नुसतं रूप निराळं. सोडली."

दुसऱ्या दिवसापासून आबांचं ताट बघायला गल्ली लोटली. अंडी, पनीर, शेंगदाणे, मेथी, काकडी, आणि उजनी धरणातली चिलापी मासळी तळून. भाकरी नाही, भात नाही, चपाती नाही, भाकरीचा पापुद्रासुद्धा नाही. आक्का रोजच्यासारखी ज्वारीची भाकरी थापून ताटात वाढायच्या आणि आबा ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आक्कांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. आक्कांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी वाढली. ती उरलेली भाकरी पदराखाली झाकून त्या माझ्या खोलीत आणून द्यायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण त्यांचं तोंड उतरलेलं असायचं. एकदा मात्र म्हणाल्या, "खावा सर. आमच्याकडं आता नकोशी झालीया." आबांच्या अंगावरून जेवढं उतरलं, तेवढं माझ्या अंगावर चढलं.

आबा खरंच हलके झाले. पायजम्याची नाडी लांबली. पण तोंडाला एक वास यायला लागला. जास्त पिकलेल्या पेरूंचं क्रेट बंद खोलीत दोन दिवस ठेवून दार उघडावं, तसा आंबूस, डोक्यात जाणारा. गंमत अशी की गळीत हंगाम चालू होता तोपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. हंगामात आमच्या सगळ्या पंचक्रोशीलाच मळीचा वास असतो, त्यात आबांचा वास खपून गेला. कारखाना बंद झाला, हवा स्वच्छ झाली आणि आबा एकटेच मागे राहिले.

लोकांनी अर्थ लावला तो उसाच्या मुलखातल्या लोकांनीच लावावा असा. मळीपासून काय तयार होतं हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक. आबांनी उतारवयात बाटली सुरू केली, असं बोललं जाऊ लागलं. आबा कानाशी आले की माणसं मान तिरकी करायची, कोणाला अचानक खोकला यायचा, कोणाला घरची आठवण व्हायची. मी खोलीत बडीशेपेची डबी आणून ठेवली आणि आबा आले की पुढे करायचो. आबा त्यातली साखरेची रंगीत गोळी शोधून काढून माझ्या हातावर ठेवायचे आणि मला सावध करायचे, "ह्ये इख हाय."

अशा दिवसांत माझी सोयरीक निघाली. मध्यस्थ अर्थातच आबा.

मुलगी पळसदेवची, इंदापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. वडील नव्हते. घरात कर्ता माणूस म्हणजे तिचे चुलते, तात्या, धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारे. उन्हाळ्याचे दिवस होते. पाणी बरंच मागे गेलं होतं, जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं आणि तात्यांच्या होड्या कोरड्या गाळावर पालथ्या पडल्या होत्या. मुलगी समोर येऊन बसली. काही विचारायचं का, म्हटल्यावर तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "वाचायला नेलेलं पुस्तक वेळेवर परत करता का?"

मी म्हणालो, "नाही."

ती हसली. मला ती आवडली. उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला ती फारच आवडली, आणि हिच्याशी नाही झालं तर आता दुसरीकडे पोहे खायला जायचं नाही, असं मी त्या अंगणात बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

आणि आबा तिकडे पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होते. पोहे तसेच. चहाला त्यांनी हात लावला नाही. तात्यांच्या कपाळावर आठी पडलेली मला दिसली. आमच्याकडे रीत अशी, की दोन्ही बाजूंचा होकार असला की पहिला पेढा मध्यस्थाच्या तोंडात घालायचा. मध्यस्थाचं तोंड गोड झालं की बोलणी पक्की. तात्यांनी नाराजी गिळून पेढा उचलला. आबांनी तोंडावर हात धरला. सगळं अंगण बघत राहिलं. मग आबांनी तात्यांचा दंड धरला, त्यांना पालथ्या होडीमागे नेलं आणि आपण पेढा का खात नाही ते अगदी जवळ जाऊन, सविस्तर, त्यांच्या कानात सांगितलं. तात्या एकदम मागे सरकले, नाकाला उपरणं लावलं आणि परत येऊन पेढा ताटलीत ठेवून दिला.

दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. "सर, तुमी मानूस बरं असाल. पर मध्यस्थ पिऊन आला हुता. इहारात पाचवं शील म्हननारा मानूस असा, आन तुमी ऱ्हाता त्याच्याच घरात. ह्या पोरीचा बाप, माझा सख्खा भाऊ, दारूनंच गेला. मी तिला त्या वाऱ्याला उभी करनार न्हाय. येत्या रविवारी दुसरं स्थळ येतंय."

पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे मद्य न घेण्याचं. ते आबांइतकं खणखणीत आमच्या भागात दुसरं कोणी म्हणत नसेल.

मी आबांना शेवग्याखाली नेलं. आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि पहिल्यांदाच मी त्यांच्या कानाला तोंड लावलं. सगळं सांगितलं. आबांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग दोन पावलं मागे सरकले आणि तिथून म्हणाले, "म्हंजी मानसं मान वाकडी करत्यात, ती ह्याच्यापायी?" आबांचं एवढ्या लांबून आलेलं वाक्य मी प्रथमच ऐकत होतो, आणि मला ते ऐकवेना.

त्या आठवड्यात आबांनी तोंडावर जे प्रयोग केले त्यांना तोड नाही. लिंबाची काडी, ओवा, वेलदोडा, पेरूची कोवळी पानं, जीभ तर इतकी खरवडली की दोन दिवस तिखट सोसेना. दोन्ही गालांत लवंगा धरून हिंडले, तेव्हा वास पेरू-लवंगेचा येऊ लागला, एवढाच फरक. बारामतीला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, दात उत्तम आहेत, वास आतून येतोय. मग साखरेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त-लघवी तपासली आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. नंतर आबांच्या ताटाची हकिगत ऐकून कपाळावर हात मारला. "आबा, कमी करा म्हणालो होतो, बंद करा कुठे म्हणालो? अंगाला भाकरी मिळेना म्हणून ते चरबी जाळतंय, त्याचा हा वास. घासून जाणार नाही. पाणी भरपूर प्या आणि जेवताना अर्धी ज्वारीची भाकरी सुरू करा. जाईल हळूहळू."

"रविवारच्या आत जाईल?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. त्यांना रविवारचं महत्त्व काय माहीत!

आबा शनिवारीच निघाले. वास तसाच होता, भाकरीही अजून सुरू केली नव्हती. आधी हा डाग पुसतो, मग भाकरी, असा त्यांचा हट्ट. बरोबर मी आणि आक्का. आक्कांना कशाला, विचारलं तर लांबूनच म्हणाले, "माझ्यावर न्हाय, पर हिच्यावर लोकांचा इस्वास बसंल." आक्का एसटीत खिडकीशी बसून होत्या. आपण कुठे आणि कशाला चाललोय हे त्यांना नीटसं ठाऊक नसावं, असं मला वाटलं.

तात्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत, या म्हणाले नाहीत. आबाही आत गेले नाहीत. होड्यांपाशीच उभे राहिले, खाकरले आणि ज्या आवाजात ते विहारात पंचशील म्हणतात, त्या आवाजात सुरू झाले.

"तात्या, जयभीम! मी दारू प्यालेलो न्हाय! जन्मात न्हाय! माझ्या तोंडाला वास येतोय त्यो भाकरी सोडल्याचा हाय!"

शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. पाण्याकाठी धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या. मुलगी दारात येऊन उभी राहिली. आबा थांबेनात.

"मला साखर हाय! माझ्या बापाला बी हुती! त्याचा पाय कापला, आन माझ्या आईनं त्याला मरेस्तवर उचलून आत-भाईर केलं! माझ्या बायकूवर ती पाळी नगं, म्हनून सोडली मी भाकरी! हिच्या हातच्या भाकरीवर माझा जीव हाय! रोज ताटात येती, रोज बाजूला सारतो, आन रोज शेंगदानं चावत मनात रडतो!"

माझ्या शेजारी आक्का उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग आबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आवो, मग ह्ये मला का न्हाय सांगितलं?"

"पयल्याच दिशी सांगितलं की! कानात!"

"कुठल्या कानात?"

आबांनी बोट दाखवलं. भिंतीकडचा, उजवा.

"त्या कानानं मला कवाधरनं ऐकू येत न्हाय," आक्का म्हणाल्या. "तुमी येता, कायतरी फुसफुस करता, मी मान हालवती. मला वाटलं, माझ्या हातची नगं झाली. मी म्हातारी झाले, म्हनून माझी भाकरी बी नगं."

आबांनी दाखवलेलं बोट सावकाश खाली घेतलं. कानात सांगितलेलं माणूस मानतो, हे शास्त्र त्यांनी सगळ्या तालुक्याला शिकवलं होतं, आणि घरात इतकी वर्षं ते बहिऱ्या कानाला सांगत आले होते. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कांच्याही आलं. माझं सांगायचं तर मी होडीकडे बघत उभा राहिलो.

पण आबा मध्यस्थ होते, काम अर्धवट सोडणारे नव्हते. त्यांनी डोळे पुसले आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, "आता पोराचं दोष! आळशी हाय! कापडं भिजवतो आन इसरतो! घोरतो, भिताडातनं ऐकू येतं! माझ्या वाट्याची भाकरी खाऊन खाऊन सुटलाय! पर लबाड न्हाय! संपलं!"

सगळी वस्ती हसली. दारातून तिचं हसणं मला वेगळं ऐकू आलं. "तात्या," ती म्हणाली, "मी दिवसभर माणसांना हळू बोला, हळू बोला करते. इतकं मोठ्याने खरं बोलणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं."

तात्या ओट्यावरून उतरले. सावकाश आबांच्या अगदी जवळ आले आणि म्हणाले, "तोंड उघडा." आबांनी उघडलं. तात्यांनी डोळे मिटून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मागे सरकले नाहीत. "भावाजवळ मी लई वरसं झोपलोय," ते हळू म्हणाले. "त्यो वास मी झोपेत बी वळखीन. ह्यो त्यो न्हाय." मग स्वतःचा कान पुढे करून म्हणाले, "आता सांगा, काय राह्यलं आसंल ते."

"आता काय राह्यलं सांगायचं?" आबा म्हणाले. "समद्या पळसदेवानं ऐकलं."

पेढा आला. आबा पेढ्याकडे बघत राहिले. खावा तर साखर, न खावा तर सोयरीक. तेवढ्यात आक्कांनी ताटली बाजूला केली आणि घरातल्या बायकांना विचारलं, "भाकरी हाय का गं?" सकाळची ज्वारीची भाकरी होती. आक्कांनी ती मोडली, अर्धी परत दिली, उरलेल्या अर्धीतला पहिला घास आबांच्या तोंडात घातला आणि तात्यांना म्हणाल्या, "ह्यास्नी ह्येच ग्वाड. झालं का पक्कं?"

"झालं," तात्या म्हणाले.

म्हणजे आमचं लग्न अर्ध्या भाकरीवर ठरलं, आणि ती भाकरीही शिळी होती. आबा ती इतकी सावकाश चावत होते, की दुसऱ्या स्थळाला उद्या येऊ नका असा तात्यांचा फोन करून झाला तरी त्यांचं संपलं नव्हतं.

आता आबांच्या तोंडाचा वास गेला आहे. साखर आटोक्यात आहे, भाकरी जेवणाला अर्धी, त्यात आक्का चिमूटभरही वाढू देत नाहीत. आबा गावाशी पुन्हा कानात बोलतात. मी आणि माझी बायको अजून त्यांच्याच घरात राहतो. तिला ते शेवग्याखाली नेऊन नळाला पाणी सकाळी येतं हे सांगून झालं आहे. ग्रंथालयातली असल्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आक्कांशी मात्र आबा वंदनेच्या आवाजातच बोलतात. त्यामुळे गल्लीला त्यांचं सगळं कळतं. रोज जेवायच्या वेळी आबांचा आवाज शेवग्यापर्यंत येतो, "आज भाकरी लई झ्याक झालीया!"

आक्का लगेच विचारतात, "आं? काय म्हनला?"

आबा पुन्हा सांगतात, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

आक्कांना मुलाने कधीच कानाचं मशीन आणून दिलंय. माझ्या बायकोनेच ते त्यांना बसवायला शिकवलं. जेवायच्या वेळी ते त्यांच्या कानातच असतं.